रमजानचा दस्तरखान

२००२ सालच्या नोव्हेंबरात, रमजानच्या दिवसांत, राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी आपले सचिव पी. एम. नायर यांना बोलावून एक साधा प्रश्न केला. राष्ट्रपतिभवनात दरवर्षी इफ्तारची मेजवानी होते. तीत जेवावयास येतात ते कोण? येणारी सारी मंडळी घरी पोटभर जेवणारीच असतात, हे दोघांनाही ठाऊक होते. मेजवानी रद्द झाली. तिच्यासाठी राखून ठेवलेला पैसा धान्य, डाळ आणि पांघरुणे या रूपाने अनाथाश्रमांकडे गेला. त्यात कलामांनी स्वतःच्या पैशातून एक लाख रुपये घातले, आणि ही गोष्ट कोणाला सांगू नका असे सचिवांना बजावले. नायर यांनी ती पुढे आपल्या पुस्तकात लिहिली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

या हकिगतीचा शेवटचा भाग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. आपल्याकडे इफ्तार म्हटले की वर्तमानपत्रातले एक ठरीव छायाचित्र डोळ्यांपुढे येते. डोक्यावर जाळीची टोपी चढवलेले पुढारी, पुढ्यात खजुराची बशी, आणि नजर कॅमेऱ्याकडे! त्या छायाचित्राशी मला आज कर्तव्य नाही. रमजानच्या महिन्यात देशोदेशी मशिदींच्या अंगणांत, रस्त्यांवर आणि मुदपाकखान्यांत गरजूंना जे फुकट जेवू घातले जाते, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. त्यातही काय वाढले यापेक्षा कसे वाढले, याविषयी अधिक. कारण उपाशी माणसाला अन्न देणे तितकेसे अवघड नाही. ते घेताना त्याची मान खाली जाऊ न देणे, हे अवघड आहे.

हा प्रश्न मला परका नाही. माझे वडील वार लावून शिकले. मंगळवारी ज्या घरी ते जेवावयास जात, तेथे त्यांचे पान ओटीवर मांडीत. शुक्रवारच्या घरी त्या घरच्या मुलांच्या पंक्तीत. अन्न दोन्हीकडे सारखेच चांगले होते, मंगळवारचे कदाचित थोडे अधिकच चांगले, कारण त्या घरी दुभते होते. पण म्हातारपणी वडिलांना शुक्रवारच्या घरातील बाईंचे नाव, त्यांच्या मुलांची नावे, त्यांची आमटी, सारे आठवे. मंगळवारच्या घरातली त्यांना फक्त ओटी आठवे.

आता रोजाचे गणित पाहू. पहाटे उजाडण्यापूर्वीच्या वेळेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. आपल्या एकादशीप्रमाणे साबुदाणा, रताळी, दूध यांची सोय येथे नाही. हिजरी वर्ष चांद्र असून त्यात अधिक महिना धरीत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. कधी थंडीतला लहान दिवस, तर कधी वैशाखातला न संपणारा. सूर्य मावळला की मगरिबची बांग होते आणि खजूर किंवा पाण्याचा घोट घेऊन रोजा सोडतात. हाच इफ्तार. आता यात एक गोष्ट आपोआप घडते. त्या एका क्षणी पेढीवरचा शेठ आणि त्याच्या दारातला हमाल, दोघेही सारखेच भुकेले असतात. एरवी भूक ही गरिबाची खूण असते. या एका वेळी ती खूण राहत नाही. सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी कोण रोजा सोडावयास आला आहे आणि कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे बघणाऱ्यास सांगता येत नाही. रमजानच्या अन्नदानाचे सारे मर्म या न ओळखू येण्यात आहे, असे माझे मत आहे.

धर्माने या अन्नदानाला नुसत्या दयाबुद्धीवर सोडलेले नाही. त्याला हिशेब घालून दिले आहेत. म्हातारपणामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या दुखण्यामुळे ज्याला रोजे धरवत नाहीत, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. ज्याने जाणूनबुजून रोजा मोडला त्याचे प्रायश्चित्त जबर आहे. ते दुसऱ्या रीतीने फेडता आले नाही तर साठ गरिबांचे जेवण त्याच्या अंगावर येते. महिना संपताना ईदच्या नमाजापूर्वी फित्रा द्यावयाचा, घरातील प्रत्येक माणशी एक सा, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो धान्य, किंवा त्याची किंमत. ईदच्या दिवशी कोणाला हात पसरावा लागू नये, हा त्यातला हेतू. फित्र्याची एक बारीक गोष्ट मला फार आवडते. इस्लामी कायद्याच्या चार प्रमुख संप्रदायांपैकी तिघांच्या मते, ज्याच्या घरी त्या दिवसापुरते अन्न भागून थोडे उरते त्याने फित्रा दिलाच पाहिजे. म्हणजे शेजाऱ्याकडून फित्रा घेणारा गरीब स्वतः दुसऱ्याला फित्रा देणाराही होऊ शकतो. सकाळी घेतले, दुपारी दिले. घेणारा कायमचा घेणारा राहत नाही.

रोजेकऱ्याचा रोजा जो सोडवील त्याला त्या रोजाचे पुण्य लागते आणि रोजेकऱ्याचेही त्यात काही उणे होत नाही, असे पैगंबरांच्या वचनांत सांगितले आहे. तेव्हा इफ्तार देणारा घेणाऱ्याच्या पुण्यातला वाटेकरी होतो. तो उपकार करीत नाही, उलट त्याला गरज आहे ती पाहुण्याची. कुराणातही गरीब, पोरके आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांचे वर्णन करताना, त्यांना मोबदला नको असतो आणि आभारही नको असतात, असा उल्लेख येतो. आभार नकोत ही अट सोपी वाटते. ज्याने एकदा तरी अन्नदान केले आहे त्याने मनाशी विचार करून पाहावे.

परंतु वचने असून पोट भरत नाही. त्यासाठी रोजचे पीठ लागते, जळण लागते, आणि देणारा मेल्यावरही ते येत राहील अशी व्यवस्था लागते. ही व्यवस्था म्हणजे वक्फ. एखाद्याने शेत, दुकान किंवा पाणचक्की कायमची बांधून द्यावयाची. ती मिळकत पुढे विकता येत नाही, वारसांना वाटून घेता येत नाही. तिचे उत्पन्न वक्फनाम्यात लिहिलेल्या कामासाठी मुतवल्लीने खर्च करावयाचे. आपल्याकडे देवस्थानाला इनाम दिलेली जमीन आणि तिच्यावर चालणारे सदावर्त ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. औरंगाबादेची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या अवलियाच्या दर्ग्यातली ती चक्की. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून ते उंचावरून सोडले आहे, ते पाहून आपण परत येतो. पण चक्की होती दळण्यासाठी, आणि दळण होते ते दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी. प्रेक्षणीय स्थळ ती मागाहून झाली.

अशा मुदपाकखान्यांपैकी ज्याची कथा सर्वांत जुनी, तो पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉन गावी आहे. अरबी भाषेत या गावाला अल्-खलील, म्हणजे ईश्वराचा मित्र, असे नाव आहे, आणि तो मित्र म्हणजे इब्राहिम. पाहुण्यावाचून तो जेवत नसे, अशी कथा आहे. इराणी प्रवासी नासिर खुस्रो १०४७ साली तेथे गेला. येणाऱ्या प्रत्येकाला एक गोल रोटी, ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या मसुरांचे एक भांडे आणि बेदाणे मिळत. बैलांनी व खेचरांनी फिरवलेल्या जात्यांवर दिवसभर पीठ पडत असे. आणि कधी कधी एका दिवसात पाचशे पाहुणे येत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मुजीरुद्दीन या इतिहासकाराने याच दस्तरखानाचे वर्णन केले. तोवर दिवसातून तीन वेळा वाटप होऊ लागले होते, रोजच्या रोट्या १४ ते १५ हजारांवर गेल्या होत्या, आणि वाटपाच्या वेळी नगारा वाजे. नगाऱ्याने बोलावले की गावकरी आणि परके दोघेही येत. पवित्र पुरुषाच्या घरचे अन्न म्हणून ते घेण्यात कोणाला कमीपणा नव्हता. पंढरपुरात प्रसाद घेताना कोण आपले उत्पन्न सांगतो? हेब्रॉनचा हा मुदपाकखाना आजही चालतो. दळलेल्या गव्हाची जरीश नावाची पेज तेथे अजून शिजते, आणि रमजानमध्ये मोठमोठ्या कढयांतून मांस-भातही शिजतो. आपल्या गावात कोणी उपाशी झोपत नाही, असे तिथले लोक म्हणतात.

जेरुसलेमचा मुदपाकखाना वयाने लहान, पण त्याची कागदपत्रे भरपूर आहेत. म्हणून त्याच्याजवळ जरा थांबू. तुर्की सुलतान सुलेमान याची बायको हुर्रम सुलतान. युरोपात तिला रोक्सेलाना म्हणत. गुलाम म्हणून राजवाड्यात आलेली ही बाई सुलतानाची धर्मपत्नी झाली आणि तिने १५५०च्या दशकात जेरुसलेममध्ये मशीद, यात्रेकरूंसाठी ५५ खोल्या, सराई, तबेला आणि इमारेत म्हणजे मुदपाकखाना, असा सारा पसारा उभा केला. त्यात चौदाव्या शतकातला एक जुना वाडा सामील करून घेतला. तो सित्त तुन्शुक नावाच्या बाईने बांधलेला होता. म्हणजे या जागेच्या दोन्ही धनिणी बायका. खर्चासाठी पॅलेस्टाइनमधील अनेक गावांचा वसूल लावून दिला, लुद्द हे त्यांतले एक मोठे गाव. वक्फनाम्यात शब्द असा आहे की रोज चारशे गरीब व दुबळ्या माणसांना जेवण द्यावे. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी भरडलेल्या गव्हाची, बरोबर रोटी. शुक्रवारी, सणाच्या रात्री आणि रमजानच्या रात्री मात्र बेत बदले. मांस घातलेला भात आणि ‘झर्दे’ म्हणजे मध घातलेला केशरी भात. आपला जर्दा तो हाच. हाताखाली माणसे पन्नासच्या आसपास, त्यांत आचारी, रोट्या भाजणारे, धान्य निवडणारे, भांडी घासणारे, कोठीवाला, कारकून.

येथवर सारे सुंदर आहे. पण जेवण्याचा क्रम पाहा. आधी नोकरचाकर जेवत, मग ५५ खोल्यांतले रहिवासी, आणि मग गरीब. गरिबांतही प्रथम शिकलेले, मग बाकीचे पुरुष, आणि सर्वांत शेवटी बायका व मुले. कढईच्या तळाशी काय उरत असेल याचा अंदाज करावयास इतिहासकार लागत नाही. कोणत्याही एकत्र कुटुंबातील सुनेला विचारावे. एका बाईने बांधलेल्या मुदपाकखान्यात बायका शेवटी जेवत. पुढे आणखी एक गोष्ट झाली. तेथली रोटी मिळणे हा मान समजला जाऊ लागला. वजनदार घराण्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि धर्मपंडितांनी आपल्या नावावर रोट्यांचे आकडे लावून घेतले. अठराव्या शतकातील हिशेब इतिहासकारांनी तपासले, तेव्हा त्या मुदपाकखान्याचा मोठा लाभ खात्यापित्या मंडळींनाच होत होता असे दिसून आले. घेणाऱ्याची मान उंच ठेवावी या तत्त्वाचा हा विपरीत परिणाम होय. ज्या अन्नाची लाज वाटत नाही, ते श्रीमंतही लाटतो. हेब्रॉनमध्ये जी गोष्ट सद्गुण ठरली, तीच जेरुसलेममध्ये गळती ठरली.

तरीही, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल, तुर्की सत्ता गेली, इंग्रज आले नि गेले, जॉर्डनचा अंमल आला, १९६७ साली इस्रायलचा आला, आणि हुर्रम सुलतानचा मुदपाकखाना मेला नाही. जुन्या शहरात ‘तकियाची चढण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद गल्लीत रमजानच्या दिवसांत आजही लोक डबे नि पातेली घेऊन तेथे येतात. तकिया हा शब्द आपल्याकडे फकिराची राहण्याची जागा या अर्थाने जुन्या मराठीत आहे. तिकडे त्याला गरिबांचा मुदपाकखाना असा अर्थ आला. आणि मुदपाकखाना तरी कोठला? अरबी ‘मत्बख’ म्हणजे स्वयंपाकघर, त्याचाच तो आपल्या तोंडात बसलेला आकार.

मोठ्या कढईत न बसणाऱ्या काही युक्त्या तुर्कांनी घराघरांतून काढल्या होत्या. श्रीमंताच्या घरी इफ्तारला कोणीही यावे, जेवून निघताना यजमानाने पाहुण्याच्या हाती मखमली थैलीतून काही नाणी किंवा वस्तू द्यावी. तिला नाव होते ‘दिश किरासी’, म्हणजे दातांचे भाडे. आमच्या घरचे अन्न चावून तुमचे दात झिजले, त्याची ही भरपाई! गरिबाला दान द्यावयाचे, पण त्याला नाव द्यावयाचे ते देण्याचे नव्हे, फेडीचे. आपल्याकडची भोजनदक्षिणा याच्या जवळची. परंतु आपण ती ज्याला द्यावयाची त्याची जात आधी पाहत होतो, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरी चाल उधारीच्या वहीची. रमजानमध्ये एखादा पैसेवाला माणूस आपल्याला कोणी ओळखत नाही अशा वस्तीत जाई, वाण्याच्या दुकानात शिरे आणि उधारीची वही मागे. अमुक पानापासून अमुक पानापर्यंत बेरीज करा म्हणून सांगे. ती रक्कम मोजून देई, ती पाने फाडवून घेई आणि निघून जाई. कोणाचे कर्ज फिटले हे देणाऱ्याला माहीत नसे, आणि कोणी फेडले हे घेणाऱ्याला माहीत नसे. ही चाल तुर्कस्तानात अलीकडे पुन्हा दिसू लागली आहे. मला विचाराल तर अन्नदानाच्या साऱ्या प्रकारांत हा सर्वांत निर्मळ. यात पंगत नाही, नगारा नाही, छायाचित्र तर नाहीच.

कैरो शहरात याच्या अगदी उलट, सारे काही उघड्यावर चालते. रमजान लागला की गल्लीच्या तोंडाशी, पुलाखाली, मशिदीच्या भिंतीलगत लांबच लांब मेजे मांडतात. त्यांना ‘मवाइद अर्-रहमान’, दयाळूची मेजे, म्हणतात. दयाळू म्हणजे ईश्वर. मेज एखाद्या व्यापाऱ्याच्या पैशाचे असले तरी नाव त्याचे नाही. तासभर आधीपासून माणसे येऊन बसू लागतात, रंगारी, पहारेकरी, घरापासून दूर असलेले टॅक्सीवाले, विद्यार्थी, भिकारी. पुढ्यात भात, टोमॅटोच्या रश्शातली भाजी, मांसाचा किंवा कोंबडीचा तुकडा, खजूर, आणि तमर-हिंदी नावाचे गडद सरबत. तमर-हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हणजे आपली चिंच! बांग होईपर्यंत अन्न समोर असून कोणी हात लावीत नाही. वाहनांच्या गर्दीत अडकलेल्यांना पोरे खजुराच्या पुड्या आणि सरबत खिडकीतून देतात. गाडी कितीही भारी असो, आतला माणूस हात बाहेर काढतोच.

तेथेही तंटे आहेत. १९९०च्या दशकात कैरोतील नर्तकींनी अशी मेजे लावली, तेव्हा त्यांच्या पैशाचे अन्न रोजेकऱ्याला चालते की नाही यावर पंडितांत वाद माजला. जेवणाऱ्यांनी वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे असे मात्र कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. २०२० साली करोनाच्या साथीत सरकारने ही मेजे बंद केली आणि त्यांच्या जागी तांदूळ, तेल, साखर यांच्या पिशव्या घरोघर जाऊ लागल्या. पिशवीत पोट भरण्याची सोय होती. पण पिशवी कोणाच्या दारात पोहोचली हे साऱ्या गल्लीला दिसते. पुढे ६ मार्च २०२४ रोजी इजिप्तने आपले चलन मोकळे सोडले. डॉलरला एकतीसच्या आसपास असणारा पौंड एका दिवसात पन्नासच्या घरात गेला. पाच दिवसांनी, ११ मार्चला, रमजान लागला. मेज मांडणाऱ्याची मिळकत पौंडांत आणि गव्हाची खरेदी मात्र डॉलरांत. वक्फ बांधणाऱ्या जुन्या लोकांनी रोकड न ठेवता गावे आणि शेते का लावून दिली, ते अशा आठवड्यात समजते.

आपल्या देशातले एक उदाहरण सांगून मग सुदानकडे वळतो. चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमधील वालाजा मशिदीत रमजानच्या संध्याकाळी शेकडो माणसे रोजा सोडावयास बसतात. त्यांना वाढणाऱ्यांत सिंधी हिंदू स्वयंसेवक असतात. फाळणीत सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या एका सत्पुरुषाने मैलापुरात सूफी परंपरेचे एक मंदिर स्थापले. त्या मंदिराची ही मंडळी कित्येक वर्षे रोज स्वयंपाक करून मशिदीत आणतात आणि स्वतः वाढतात. तामिळ मुलखात रोजा सोडावयास ‘नोंबू कंजी’ नावाची तांदळाची मसालेदार पेज लागते, तिच्यासाठी राज्य सरकार मशिदींना तांदूळ देते. ज्यांचे घरदार धर्माच्या नावाने झालेल्या फाळणीत गेले, त्यांनी त्याच धर्माच्या लोकांना वाढावे, याचे कारण शोधावयास मी गेलो नाही. कारण विचारणे हेही कधी कधी ओटीवर पान मांडण्यासारखेच असते.

सुदानमध्ये रस्ताच दस्तरखान होतो. खार्तूमहून वद मदनीकडे जाणारा हमरस्ता निळ्या नाईलच्या काठच्या जझीरा प्रांतातून जातो. तेथील गावांची रीत अशी की रमजानमध्ये सूर्य कलला की पुरुष मंडळी घराघरांतून ताटे घेऊन रस्त्यावर येतात, चटया पसरतात, आणि येणारी वाहने अडवतात. डोक्याचे पागोटे सोडून ते रस्त्यावर आडवे धरावयाचे, की बस थांबलीच पाहिजे. आपल्याकडे वाट अडवतात ती लुटण्यासाठी किंवा वर्गणीसाठी. येथे अडवतात ती जेवून जा म्हणून. ज्वारीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला ‘असिदा’, वर ओतलेला रस्सा, आणि ‘हुलू-मुर’ नावाचे पेय. या नावाचा अर्थ गोड-कडू असा आहे. ज्वारीला मोड आणून, वाळवून, मसाल्यासह तिचे पातळ पापुद्रे भाजतात आणि ते पाण्यात भिजवून हे पेय करतात. बायकांचे कित्येक दिवसांचे काम असते ते. बसमधला प्रवासी गरीब की श्रीमंत, हे कोणी विचारीत नाही. तो वाटेत आहे आणि सूर्य मावळला आहे, एवढी पात्रता पुरते. मी वर ज्याला न ओळखू येणे म्हटले, त्याचे इतके सहज रूप दुसरीकडे माझ्या वाचनात आलेले नाही.

१५ एप्रिल २०२३ रोजी, रमजान संपावयास जेमतेम आठवडा उरला असता, खार्तूममध्ये लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ नावाचे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वद मदनी त्या दलाच्या हाती पडली आणि जझीरा प्रांतातली गावे उठली. लष्कराने ते शहर परत घेतले ते जानेवारी २०२५ मध्ये. सरकार नावाची वस्तू जेथे उरली नव्हती तेथे मोहल्ल्यातल्या तरुण मुलामुलींनी ‘आणीबाणी कक्ष’ काढले आणि त्यांच्यामार्फत मुदपाकखाने सुरू केले. त्यांना लोक म्हणू लागले तकाया, तकियाचे अनेकवचन. सामान म्हणजे दोन-तीन मोठी पातेली, लाकडे, मसूर, ज्वारी, घेवड्याच्या जातीचे फूल नावाचे कडधान्य, आणि मिळेल तेथून आणलेले पाणी. पैसा येई तो परदेशी गेलेल्या सुदानी लोकांकडून मोबाइलच्या बँकेतून, आणि पुढे बराचसा अमेरिकेच्या मदतीतून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने आपली परदेशी मदत एकाएकी थांबवली. फेब्रुवारी संपण्याच्या आत सुदानमधील अकराशेहून अधिक मुदपाकखाने बंद पडल्याची बातमी आली. १ मार्चला रमजान लागला.

येथे मला हुर्रम सुलतानची पुन्हा आठवण होते. तिच्या मुदपाकखान्यातल्या रोट्या बड्यांनी खाल्ल्या, बायका शेवटी जेवल्या, सारे खरे. पण तिची गावे कोणाला एका सहीने परत घेता आली नाहीत. उलट सुदानच्या मुलांच्या पंक्तीत लबाडीला जागा नव्हती, शेजारी शेजाऱ्याला वाढत होता. त्यांच्याजवळ नव्हते ते पुढच्या महिन्याचे पीठ. ज्या वेढलेल्या शहरात पीठच पोहोचेना, त्या दार्फुरमधील अल्-फाशिरला २०२५ साली मुदपाकखान्यांतून ‘अंबाज’ वाढण्याची पाळी आली. अंबाज म्हणजे भुईमुगाचे तेल काढल्यावर उरणारी पेंड. आपल्याकडे ती गुरांपुढे टाकतात, तिकडेही तसेच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस ते शहरही पडले.

जे मुदपाकखाने टिकले, ते पुन्हा दूरदेशी गेलेल्या मुलांच्या पाठवणीवर आले. पगार झाला की कोणी रियाधहून, कोणी लंडनहून थोडेफार पाठवतो. एकाच्या पाठवणीत एका दिवसाचे मसूर येतात, दुसऱ्याच्या पाठवणीत लाकडे. पाठवणाऱ्याला आपले मसूर कोणाच्या भांड्यात पडले हे कळत नाही, आणि भांडे घेऊन आलेल्या पोराला ते कोणी पाठवले हे ठाऊक नसते. सूर्यास्ताच्या आधी पातेल्याभोवती भांड्यांची रांग लागते. त्यांत अॅल्युमिनियमची असतात, प्लॅस्टिकची असतात, आणि एखादे चांगल्या घरातले झाकणाचे, नक्षीचेही असते. लग्नात आलेले असावे.